टीव्हीवर गाणारी आपली मुलं

गोव्यातलं एखादं मूल टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत पोचलं की आपल्याकडे नाक्यानाक्यावर फलक लागतात. 'आमच्या भुरग्याक मत दियात' (आमच्या मुलाला मत द्या) असे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरू लागतात. मूल बाहेर पडलं की गोव्यावर अन्याय झाला म्हणून दोन दिवस चिडचिड, आणि मग त्या मुलाचं काय झालं हे कुणी विचारत नाही. फोंडा तालुक्यात मी मुलांना गाणं शिकवतो. मला याचा फार त्रास होतो, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

मुलांनी टीव्हीवर गाऊच नये असं मी म्हणणार नाही. 2008-09 चं 'सारेगमप लिटल चॅम्प्स' आठवा. कार्तिकी गायकवाड जिंकली, पण आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन आणि रोहित राऊत हरले असं कुणाच्या मनातही आलं नाही. हेच पाचजण 2021 मध्ये त्याच कार्यक्रमात परीक्षक म्हणून बसले. पण कार्तिकीचे वडील गाण्याचे शिक्षक, आर्याची आई शास्त्रीय गायिका. कॅमेरा समोर येण्याच्या कितीतरी आधीपासून त्या घरांत गाणं होतं.

माझा विरोध आहे तो मुलांना मतांवर तोलण्याला आणि एकेकाला बाहेर काढण्याला. निकाल सांगण्याआधी मुद्दाम वेळ काढायचा, भेदरलेल्या मुलीचा चेहरा जवळून दाखवायचा, तिच्या आईचे डोळे भरले की कॅमेरा तिकडे वळवायचा. दहा वर्षांच्या जिवाला हे कशासाठी? लहान मुलांचे रिॲलिटी शो बंद करा अशी जाहीर विनंती दिग्दर्शक शूजित सरकार यांनी 2017 मध्ये केली होती. तेव्हा चार दिवस चर्चा झाली, मग सगळं पूर्ववत.

गळ्याबद्दल तर कुणी बोलतच नाही. मुलाची पट्टी वेगळी, मोठ्या गायकाची वेगळी. टाळ्या मिळतात त्या वरच्या सुराला, म्हणून मूल ताणून, ओरडून तिथे पोचायला शिकतं. बारा ते पंधराच्या दरम्यान मुलग्यांचा आवाज फुटतो, स्वरयंत्र वाढतं आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. मुलींचाही आवाज थोडा उतरतो. या काळात गळा जपायचा असतो, खर्जात, म्हणजे खालच्या सुरांत, हळूहळू बसवायचा असतो. अकराव्या वर्षी घराघरांत पोचलेला मुलगा तेराव्या वर्षी तोंड उघडतो आणि आवाज साथ देत नाही. लोक मात्र जुनंच गाणं, जुन्याच आवाजात मागतात. अशा मुलाच्या मनाचं काय होतं, हे मी वर्गात जवळून पाहिलं आहे. त्याला धीर द्यायला तेव्हा कुठलंही चॅनल येत नाही.

आपल्या गोव्यालाच हे सगळ्यांत आधी कळायला हवं. आपल्या थोर शास्त्रीय गायिका मोगूबाई कुर्डीकर लहानपणी नाटक मंडळीत ध्रुव-प्रल्हादाच्या भूमिका करत होत्या, म्हणजे बालकलाकारच. पण आज आपण त्यांचं नाव घेतो ते पुढे जयपूर घराण्याचे उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांकडे घेतलेल्या तालमीमुळे. केरीच्या गायिका केसरबाई केरकरही त्याच गुरूंकडे वर्षानुवर्षे शिकल्या. 1977 मध्ये नासाच्या व्हॉयेजर यानातल्या ध्वनिमुद्रिकेवरून अवकाशात गेलेला केसरबाईंचा भैरवीतला आवाज त्या तालमीतून घडलेला आहे.

आणि लहान मुलांसाठी आपल्याकडे भजनाचं पथक आहे! देवळात सप्ताहाला बघा, एकजण अभंग उचलतो, बाकीची मुलं मागून धरतात, कुणी पखवाजावर, कुणी पेटीवर, सगळ्यांत धाकटा झांज घेऊन. कला अकादमीच्या भजन स्पर्धेत बालकलाकारांचा वेगळा गट असतो. तिथेही नंबर लागतात, चुरस जोरदार असते, पण जिंकतं ते पथक आणि हरतं तेही पथक. एकट्या मुलाच्या डोक्यावर गावाची अब्रू नसते. आवाज फुटलेल्या मुलाला बुवा पखवाजावर बसवतात, वर्षा-दोन वर्षांनी तो परत गायला लागतो. मधल्या काळात तो मेळातच असतो, त्याला कुणी घरी पाठवत नाही. इतकी शहाणी व्यवस्था आपल्या गावागावांत आहे आणि या स्पर्धांना प्रेक्षक म्हणून फक्त आईबाप बसलेले असतात.

तरीही ज्यांना मुलाला मुंबईला न्यायचंच आहे, त्यांनी कायदा माहीत करून घ्यावा. 2017 च्या बालकामगार नियमांप्रमाणे बालकलाकाराकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. शाळा बुडू नये याची सोय निर्मात्याने करायची असते. मिळालेल्या पैशांतले किमान 20 टक्के मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जायला हवेत. मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला उभं करता येत नाही, हेही त्यात आहे. सही करण्याआधी हे सगळं विचारा. विचारायला संकोच वाटत असेल तर कागद घेऊन माझ्याकडे या, आपण बसून ओळ न् ओळ वाचू. आणि येताना मुलालाही आणा, त्याला जायचंय का ते मला त्याच्याच तोंडून ऐकायचं आहे.