‘लूप शिकू नका’ या मेसेजला उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला. एक मावसभावाकडून, दोन जुन्या विद्यार्थ्यांकडून आणि चौथा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर. तिथे एका काकांनी तो टाकून आपल्या बी.कॉम.च्या लेकीसाठी विचारलं होतं, “हे खरं आहे का?”

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. डेटा अ‍ॅनालिटिक्स शिकायचं असेल तर पायथन या संगणक भाषेच्या सुरुवातीच्या सरावांत, म्हणजे लिस्ट (यादी), फॉर लूप (यादीतल्या प्रत्येक नोंदीवर तेच काम करणं), इफ-एल्स (अट), डिक्शनरी (नावापुढे त्याची नोंद) यांत महिना घालवू नका. पांडाज या पायथनच्या तयार साधनसंचात तेच काम एका ओळीत होतं. कोड तर आता एआय लिहून देतो. असले प्रश्न नोकरीत कोणी विचारत नाही. किरकोळ कामाला एक्सेल पुरतं. आणि शेवटी, कॉमर्सच्या आणि मराठी माध्यमाच्या मुलांनी या वाटेला जाऊच नये, त्यांना ते झेपत नाही.

मी आठवडाभर एका कंपनीत डेटाचं काम करते आणि शनिवार-रविवार दादरला वर्ग घेते. निम्म्याहून जास्त मुलं कॉमर्सची आहेत. कोणी डोंबिवलीहून येतं, कोणी नालासोपाऱ्याहून. या मेसेजनंतर त्यातल्या दोघांनी सराव करणं बंद केलं. त्यामुळे ग्रुपवर दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं मला पटलं नाही. एकेक मुद्दा घेते.

पहिला मुद्दा, “पांडाजमध्ये एका ओळीत होतं.”

होतं, खरंच होतं. वेस मॅककिनी यांनी २००८ मध्ये पांडाज लिहायला घेतलं ते आर्थिक आकडेवारीचं काम सोपं व्हावं म्हणूनच, आणि मी रोज ते वापरते. प्रश्न असा आहे की ती एक ओळ आपल्या वतीने काय काय ठरवून टाकते, हे आपल्याला कळतं का?

माझ्या वर्गात दुसऱ्या शनिवारी एक सराव असतो. एका आठवड्याचा पाऊस, मिलिमीटरमध्ये: ०, २.४, २.५, नोंद नाही, ६४.५, १८, ०. आकडे मी बनवलेले आहेत, पण विचार करून. हवामान खात्याच्या व्याख्येनुसार २.५ मिमी किंवा त्याहून जास्त पाऊस पडला तरच तो पावसाचा दिवस मोजतात आणि ६४.५ पासून पुढे जोरदार पाऊस धरतात. मुलांनी लूप फिरवून पावसाचे दिवस मोजायचे, जोरदार पावसाचे दिवस मोजायचे आणि सरासरी काढायची. पण लॅपटॉप उघडण्याआधी तिन्ही उत्तरं वहीत हाताने काढून ठेवायची.

वहीत पावसाचे दिवस ३ येतात. पडद्यावर निम्म्या वर्गाला २ येतात, कारण त्यांनी ‘किंवा त्याहून जास्त’ऐवजी नुसतं ‘जास्त’ लिहिलेलं असतं. त्याच एका चिन्हापायी जोरदार पावसाचा दिवसही हरवतो. सरासरीची गंमत त्याहून मोठी. ‘नोंद नाही’च्या जागी आम्ही पायथनचा ‘नन’ (None, म्हणजे ‘काहीच नाही’ची खूण) ठेवतो. दिवस मोजताना तो ओलांडून जायचं मी आधीच सांगते, बेरजेत सांगत नाही. बेरीज चौथ्या दिवसावर आली की पायथन थांबतो आणि सांगतो, आकड्यात हे मिळवता येत नाही. मग वर्गात वाद सुरू होतो. तो दिवस सोडून ६ ने भागलं तर १४.५७ येतात, शून्य धरून ७ ने भागलं तर १२.४९. एकदा मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, “मॅडम, मापक बंद होतं म्हणजे पाऊस पडला नाही असं थोडंच आहे!” त्या वाक्यासाठी मी हा सराव ठेवलाय.

पांडाजची एक ओळ हाच प्रश्न कोणालाही न विचारता सोडवते. रिकामी जागा वगळते आणि १४.५७ देते. बहुतेक वेळा तेच बरोबर असतं. पण ज्याला पायथनने एकदाही थांबवलेलं नाही, त्याला तिथे काही ठरवायचं होतं हेच माहीत नसतं.

आणि सरासरी काढता आली म्हणजे ती काढावी का, हेही इथेच शिकायला मिळतं. २६ जुलै २००५ घ्या. चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला आणि कुलाब्याला फक्त ७३ च्या आसपास. दोन्हींची सरासरी ५०९ निघते. या दोन्हींपैकी कोणत्याच केंद्रावर ५०९ च्या जवळपासचीही नोंद झाली नव्हती. सांताक्रूझशेजारच्या कलिन्याच्या माणसाला ती सरासरी सांगून बघा.

दुसरा मुद्दा, “कोड एआय लिहून देतो.”

यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण मुलं इथेच फसतात. एआय कोड लिहितो, चांगला लिहितो, आणि तिसऱ्या महिन्यापासून मी वर्गात तो वापरू देते. पण तो लिहितो ते आपण सांगितलेल्या कामाचं उत्तर. आपली फाईल कशी भरलेली आहे, तारीख कोणत्या पद्धतीने लिहिली आहे, हे आपण सांगितलं नाही तर तो अंदाज बांधतो.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. एका विद्यार्थिनीने जुलैच्या पहिल्या बारा दिवसांचा पाऊस एका फाईलमध्ये भरला. तारखा आपण लिहितो तशा, ०१/०७, ०२/०७, थेट १२/०७ पर्यंत, पुढे वर्ष. एआयकडून कोड लिहून घेतला, तो एकदाही न अडखळता चालला आणि महिनावार पावसाचा सुंदर तक्ता आला. बारा महिन्यांचे बारा खांब! पांडाज अशी तारीख आपणहून वाचतं ती अमेरिकन पद्धतीने, आधी महिना मग दिवस. त्यामुळे जुलैचा पाऊस ७ जानेवारी, ७ फेब्रुवारी, ७ मार्च असा वर्षभर वाटला गेला. तेरावी तारीख फाईलमध्ये असती तर तेरावा महिना नसल्यामुळे कुठेतरी खटका उडाला असता. बाराच ओळी होत्या म्हणून कुठेही एरर आली नाही.

ती तक्ता दाखवत होती आणि तिच्या शेजारची मुलगी हळूच म्हणाली, “अगं, जानेवारीत एवढा पाऊस?” मग आम्ही पहिली ओळ घेतली आणि तिच्यातला दिवस आणि महिना वेगवेगळे छापून पाहिले. दिवस ७, महिना १. दोन मिनिटांत चूक सापडली आणि ‘दिवस आधी’ हे सांगितल्यावर सगळा पाऊस परत जुलैत आला. एक ओळ काढून, तिचे तुकडे करून छापून बघायचं हे त्या विद्यार्थिनीला सुचलं ते कुठून? तारखेचा मजकूर तिरक्या रेषेवर तोडायचा सराव तिने दुसऱ्याच आठवड्यात केला होता, म्हणून.

माझ्या स्वतःच्या नोकरीच्या पहिल्या वर्षातही असंच झालं होतं. बिलांची यादी आणि ग्राहकांची यादी जोडायची होती. ४०० बिलं होती आणि जोडल्यावर ४१२ ओळी झाल्या, कारण काही ग्राहक त्या यादीत दोनदा होते आणि त्यांची बिलंही दोनदा मोजली गेली. मी ओळी मोजल्या नाहीत. विक्रीचा फुगलेला आकडा वरपर्यंत गेला. तो पकडला आमच्या हिशेबनीस काकांनी, वहीतल्या बेरजेशी ताळा करून. तेव्हापासून जोडण्याआधी किती ओळी आणि जोडल्यावर किती, हे मी छापल्याशिवाय पुढे जात नाही. आज डिक्शनरीचा सराव घेताना मी एकच ग्राहक क्रमांक मुद्दाम दोनदा देते. डिक्शनरीत नंतरची नोंद आधीची पुसून टाकते, पांडाजमध्ये जोडताना दोन्ही राहतात आणि ओळी वाढतात. हा फरक ज्याने पाच ओळींवर पाहिलाय, तो पाच लाख ओळींवर घाबरत नाही.

ताळा हा शब्द मी वर्गात सारखा वापरते. आपल्या आजोबांच्या पिढीला गणिताचा ताळा केल्याशिवाय पाटी दाखवता येत नसे. एआयने दिलेल्या उत्तराचा ताळा कोणी करायचा? मेसेजमध्ये यावर एक अक्षर नाही.

तिसरा मुद्दा, “असे प्रश्न नोकरीत विचारत नाहीत.”

यातला अर्धा भाग मला मान्य आहे. ताऱ्यांचे पिरॅमिड छापणं, फिबोनाचीची संख्यामालिका, मूळ संख्या, हे डेटाच्या विद्यार्थ्याला महिनाभर करायला लावणं चूक आहे आणि अनेक क्लासेसमध्ये तेच चालतं. मुलं कंटाळतात ते बरोबरच आहे. त्याऐवजी मुंबई महापालिकेच्या वॉर्डांची नावं द्या. ‘जी उत्तर’, ‘जी-उत्तर’, ‘जी/उत्तर’ आणि शेवटी एक न दिसणारी मोकळी जागा असलेलं ‘जी उत्तर ’. डिक्शनरीने मोजायला सांगा. दादरचा एक वॉर्ड पायथनला चार वेगळे दिसतात. किंवा ‘१,२५,०००’ असं स्वल्पविरामासकट आलेलं भाडं द्या. त्याचा आकडा करायला गेलं की पायथन नकार देतो. मजकूर म्हणून राहिलेल्या ५०० आणि ७०० ची बेरीज ५००७०० कशी होते तेही दाखवा. हे सराव नोकरीतलेच आहेत, मला दर सोमवारी भेटतात.

आणि सराव म्हणजे शाळकरी काम, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक प्रसंग. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये मांडलं की ज्या देशांचं सरकारी कर्ज देशाच्या एकूण उत्पादनाच्या (जीडीपीच्या) ९० टक्क्यांपलीकडे जातं, त्यांच्या अर्थव्यवस्थेची सरासरी वाढ उणे ०.१ टक्का होते. सरकारी खर्चात कपात करावी म्हणणाऱ्यांनी जगभर त्याचा आधार घेतला. थॉमस हर्नडन या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला वर्गाचा गृहपाठ होता, एखादा प्रसिद्ध निबंध घ्यायचा आणि त्यातले आकडे स्वतः काढून बघायचे. त्याचे आकडे जुळेनात. मूळ एक्सेल फाईल मिळाल्यावर दिसलं की सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी घेतल्याच नव्हत्या. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क. काही वर्षं वगळणं आणि देशांना दिलेलं वजन हेही वादाचे मुद्दे होते. सगळं धरून २०१३ मध्ये त्याने आणि त्याच्या दोन प्राध्यापकांनी काढलेली सरासरी होती अधिक २.२ टक्के. वर्गातल्या सरावाने हे सापडलं.

चौथा मुद्दा, “एक्सेल पुरतं.”

पुष्कळ कामांना पुरतं, मी एक्सेलच्या विरोधात नाही. पण एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात आणि जुन्या एक्सएलएस फाईलमध्ये फक्त ६५,५३६. इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेने २०२० मध्ये कोरोना तपासण्यांचे निकाल त्या जुन्या प्रकारच्या फाईलमध्ये ओतले, जागा संपली आणि १५,८४१ रुग्ण वेळेत मोजले गेले नाहीत. त्यांच्या संपर्कातल्या माणसांना उशिरा कळलं. आलेल्या ओळी आणि घेतलेल्या ओळी मोजून पाहणं, हा लूपच्याही आधीचा सराव आहे.

शेवटचा मुद्दा, “कॉमर्सच्या, मराठी माध्यमाच्या मुलांना झेपत नाही.”

हे वाचून मला राग आला आणि तो लपवत नाही. ताळेबंद जुळवणाऱ्या मुलाला ‘एक रुपयाचा फरक म्हणजे कुठेतरी चूक आहे’ हे सांगावं लागत नाही. विज्ञानाच्या मुलांना मला ते शिकवावं लागतं. राहिली भाषा. पायथनचे राखीव शब्द सगळे मिळून ३५ आहेत, एका पानावर मावतात. पायथन ३ मध्ये नावं देवनागरीतही देता येतात. माझ्या वर्गात पहिला आठवडा ‘पाऊस’, ‘एकूण’, ‘सरासरी’ अशीच नावं असतात आणि पायथनला त्यात काही अडचण येत नाही. देवनागरीत लिहिलेला ‘१२३’ हा मजकूरदेखील सांगितल्यावर तो आकड्यात बदलून देतो. नंतर नोकरीसाठी इंग्रजी नावांची सवय लावतो, पण तोवर भीती गेलेली असते.

उलट काही गोष्टी मराठी मुलांनाच आधी दिसतात. ‘मुंबई’ या शब्दाची लांबी विचारली की पायथन ५ सांगतो. डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात. म, उकार, अनुस्वार, ब, ई असं सुटं मोजून दाखवणारी पहिली मुलगी विरारची होती, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. मराठी नावांच्या याद्या साफ करताना हे ज्ञान रोज उपयोगी पडतं.

अडखळतात ती मुलं एररच्या इंग्रजीला. त्यावर मी एवढंच करते, एरर आली की शेवटची ओळ मोठ्याने वाचायची आणि तिचा अर्थ मराठीत वहीत लिहायचा. महिन्याभरात वहीत पंधरा-वीस वाक्यं होतात आणि पुढच्या एररी बहुतेक त्यांतल्याच असतात.

सोसायटीतल्या काकांच्या लेकीला मी त्या सात आकड्यांचा कागद दिला आणि म्हटलं, आधी वही, मग लॅपटॉप. रात्री साडेदहाला तिने दोन्हींचे फोटो पाठवले. वहीत पावसाचे दिवस ३, पडद्यावर आधी २, मग खोडून ३. खाली लिहिलं होतं, “ताई, ज्या दिवशी नोंद नाही त्या दिवसासाठी जवळच्या दुसऱ्या केंद्राचा आकडा घेतला तर चालेल का?”

मी तिला २६ जुलैचे सांताक्रूझ आणि कुलाब्याचे दोन आकडे पाठवले.