चीत झाल्यावरही जो लढतो

यात्रांचा हंगाम आला की तो मेसेज पुन्हा फिरू लागतो. यंदा मला तो धुळ्याच्या दोन ग्रुपवर, चाळीसगावच्या एका आणि वर भावकीच्या ग्रुपवरही आला. मजकूर थोडक्यात असा: कुस्ती ही सगळ्या लढाऊ विद्यांची आई. शंभरातल्या नव्वद मारामाऱ्या जमिनीवर संपतात, म्हणून धरणाराच जिंकतो. अंगात विद्या असली की वजनाला किंमत नाही, हे ब्राझीलच्या सडपातळ रॉइस ग्रेसीनं दाखवून दिलं. कराटे-तायक्वांदो म्हणजे नुसता नाच. आणि शेवटी, आपल्या खान्देशचा एखादा तगडा पैलवान पिंजऱ्यात सोडला तर यूएफसीचा (ठोसे, लाथा, पकडी सगळं चालणाऱ्या अमेरिकी स्पर्धेचा) चॅम्पियन दोन मिनिटांत आसमान बघेल.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, खरी गंमत त्यात आहे. मीही काही वर्षं तालमीची लाल माती अंगाला फासली आहे, त्यामुळे कुस्तीचा दुस्वास करतोय असं कोणी समजू नये. आपला कसलेला पैलवान त्या चॅम्पियनचा पट काढून, म्हणजे पाय धरून ओढून, त्याला पाठीवर पाडेल, हे मी मानायला तयार आहे. पण पाठ टेकली की कुस्ती निकाली, हा नियम आपल्या मातीच्या हौद्याचा. पिंजऱ्यात पाठ टेकल्यावर हलगी वाजत नाही, कोणी खांद्यावर घेऊन मिरवत नाही आणि पंच इनामाचा पुकारा करत नाही. खालचा माणूस तिथून पुढे लढतो.

१६ डिसेंबर १९९४ची लढत बघा. अमेरिकेतल्या तुल्सा शहरात यूएफसीच्या चौथ्या स्पर्धेची अंतिम फेरी होती. एका बाजूला डॅन सेव्हर्न, मुरलेला कुस्तीगीर, वजन ११० किलोंच्या वर. दुसऱ्या बाजूला ८० किलोंच्या आसपासचा ग्रेसी. सेव्हर्ननं त्याला सुरुवातीलाच खाली घेतलं आणि वर बसून राहिला. आमच्या जुन्या वस्तादांना मी ही लढत मोबाइलवर दाखवली तर ते लगेच म्हणाले, ‘हाऊ ते चीत व्हयना ना भो! मंग आते काय लढस?’ त्यांच्या हिशेबानं निकाल लागला होता. प्रत्यक्षात पंधरा मिनिटांहून जास्त वेळ खाली पडलेल्या ग्रेसीनं शेवटी दोन्ही पायांची कैची सेव्हर्नच्या मानेभोवती आणि एका हाताभोवती आवळली, आणि वर बसलेल्या सेव्हर्ननं हाताचा पंजा आपटून हार मानली.

उलटंही बघा. खाली आलास तर पोटावर पड, पाठ लागू देऊ नको, हे आपल्याला पोरवयापासून शिकवतात. १९१० साली लंडनमध्ये गामा पैलवानासमोर पोलंडच्या झबिस्कोनं नेमकं हेच केलं. अडीच तासांहून जास्त चाललेल्या त्या कुस्तीत बहुतेक वेळ तो पोटावर गादीला चिकटून होता. गामाला तो उलटेना आणि कुस्ती बरोबरीत सुटली. (१९२८ला पतियाळात गामानं त्याला मिनिटाच्या आत चीत करून हिशेब चुकता केला, तो भाग वेगळा.) पिंजऱ्यात पोटावर पडून राहणं म्हणजे गळा आयता हातात देणं. मागून कब्जा घेतलेला माणूस हनुवटीखालून हात सरकवतो आणि काही सेकंदांत शुद्ध हरपते. अंगात मुरलेली सवय तिथे घात करते. मानेचंही तेच. कुस्तीतून गेलेला आपला भरत खंडारे २०१७ला शांघायमध्ये यूएफसीत उतरला, तेव्हा चीनच्या सोंग यादोंगनं पहिल्याच फेरीत त्याची मान काखेत आवळून लढत संपवली. पट काढायला वाकणाऱ्याची मान तशी सापडू शकते, हे हौद्यात शिकवायची गरजच पडत नाही, कारण तिथे गळा आवळून कोणी जिंकत नाही.

इतकं लांब कशाला जायचं? महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग असतात. आपल्या जळगाव जिल्ह्याच्या विजय चौधरींनी २०१४, २०१५, २०१६ असा सलग तीनदा हा किताब घेतला, त्याचा अभिमान कोणाला नाही? पण मातीतल्या पैलवानाला गादीवर गुणांचा आणि घड्याळाचा हिशेब वेगळा शिकावा लागतो, हे तालमीतलं शेंबडं पोरही सांगेल. मातीवरून गादीवर जाताना एवढं बदलतं. पिंजऱ्यात तर ठोसे, लाथा, कोपर, गुडघे सगळंच चालतं.

आता वजन. ग्रेसीनं नोव्हेंबर १९९३मध्ये डेन्व्हरला पहिली स्पर्धा जिंकली, तेव्हा वजनगट नव्हते हे खरं. पण समोरच्यांना जमिनीवर काय करायचं तेच ठाऊक नव्हतं. एक बॉक्सर तर एकाच हातात ग्लोव्ह घालून आला होता! स्पर्धा उभी करणाऱ्यांत ग्रेसीचा थोरला भाऊ होता आणि घराण्याच्या विद्येची, म्हणजे जमिनीवर लढायच्या ब्राझिलियन जिउ-जित्सूची, जाहिरात हा त्यातला एक हेतू होता. १९९७पासून यूएफसीत वजनगट आले. २००६मध्ये त्याच ग्रेसीला साधारण त्याच्याच वजनाच्या मॅट ह्यूजनं पहिल्या फेरीत ठोकून काढलं. ह्यूज मुळात कुस्तीगीर, पण तोवर जमिनीवरचे डाव त्यालाही पाठ झाले होते. तेव्हा वयानं ग्रेसी चाळिशीला टेकला होता, हेही सांगायला हवं. बाकी वजनाला किंमत नसती तर आपल्या यात्रेत जोड लावताना पंच दोन्ही पोरांना शेजारी उभं करून का न्याहाळतात?

नव्वद टक्क्यांचं मूळ बहुतेक वेळा लॉस एंजेलिस पोलिसांच्या १९८८च्या नोंदींशी जोडतात. तिथला आकडा साठीच्या थोडा वर आहे आणि त्या झटापटी अटकेच्या आहेत. बेड्या घालायच्या तर पोलीस माणसाला खाली पाडणारच.

कराटे म्हणजे नाच? लियोटो माचिडा हा शोटोकान कराटेवाला २००९ला यूएफसीचा चॅम्पियन झाला. २०२२मध्ये कमरू उस्मान, मुळात कुस्तीगीर आणि तेव्हाचा चॅम्पियन, गुणांवर पुढे होता. शेवटच्या फेरीत मिनिटभरही उरलं नव्हतं, तेवढ्यात लिऑन एडवर्ड्सची लाथ डोक्यावर बसली आणि उस्मान आडवा झाला. आपली पूजा तोमर वुशू या चिनी लढाऊ विद्येतून आली आणि २०२४ला यूएफसीत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. फोल ठरतं ते अंगाला अंग न लावता नुसते हातवारे करणं. २०१७ला चीनमधल्या चेंगदूत पिंजऱ्यातल्या लढतींचा खेळाडू शू शियाओदोंगनं ताईची या संथ चिनी विद्येच्या एका गुरूला काही सेकंदांत लोळवलं, ते त्यामुळेच. कुस्तीचं बळही इथेच आहे. आपल्याकडे रोज समोरचा जीव तोडून विरोध करतो. २००८चा ऑलिंपिक सुवर्णविजेता कुस्तीगीर हेन्री सेहुदो यूएफसीत दोन वजनगटांत चॅम्पियन झाला, पण ठोसे मारायला आणि चुकवायला शिकल्यावर.

वस्तादांना मी लाथांच्या लढतीही दाखवल्या. त्यांना त्यात रस वाटला नाही. सेव्हर्नची लढत मात्र त्यांनी तीनदा लावायला सांगितली आणि तिसऱ्या वेळी चष्मा पुसून विचारलं, ‘कैचीतला तो हात त्यानं आधी कुठून धरला रे?’