एक मीटर पाण्यात अर्धा तास

मी लातूरच्या एका शाळेत गेली एकवीस वर्षं भूगोल शिकवतो आणि मला रस्ता सापडत नाही. शाळेत ही गोष्ट शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. अक्षांश-रेखांश मी झोपेतही सांगेन, पण गंजगोलाईत शिरलो की बाहेर पडताना हटकून भलत्याच रस्त्याला लागतो. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यामुळे सर बरोबर रस्त्यानं बाहेर पडण्याची शक्यता सोळात एक, असं आमचे गणिताचे सर फळ्यावर मांडून दाखवतात.

तरी हे सगळं घरातल्या घरात होतं. चव्हाट्यावर आलं ते चिंचोलीमुळं.

एका सहकाऱ्याच्या पुतण्याचं लग्न केज तालुक्यातल्या चिंचोली माळीला होतं. मी मोटारसायकल काढली, फोनमध्ये नुसतं 'चिंचोली' टाकलं आणि पहिलं जे नाव वर आलं त्यावर बोट ठेवून निघालो. दीड-दोन तासांचा रस्ता अर्ध्या तासात संपला, तेव्हाच शंका यायला हवी होती. पण मला वाटलं, विज्ञान किती पुढं गेलंय. मांडव होता, सनई होती, वेळेवर पोचल्याचा आनंद होता. अक्षता टाकल्या, जेवलो, पाचशे एकचं पाकीट दिलं आणि सहकाऱ्याला फोन लावला.

"सर, कुठं हाव?"

"मांडवात."

"आम्ही बी मांडवातच हाव की!"

मी लातूर तालुक्यातल्या चिंचोली बल्लाळनाथला जेवलो होतो. नंतर चौकशी केली तर कन्नडकडे चिंचोली लिंबाजीही निघाली. मराठवाड्यात चिंच तिथं चिंचोली, पिंपळ तिथं पिंपळगाव, वड तिथं वडगाव, आणि वर प्रत्येकाचं खुर्द आणि बुद्रुक. झाडं तोडली गेली, गावं राहिली. पाकीट परत मागायची सोय नव्हती. त्या नवरा-नवरीचा संसार सुखाचा होवो, त्यात माझे पाचशे एक आहेत.

हे स्टाफरूममध्ये पसरलं. त्यातच मराठवाड्यातली तीन ज्योतिर्लिंगं, परळी, औंढा आणि वेरूळ, मोटारसायकलवर करायची असं आमच्या तिघांचं ठरलं: गणिताचे सर, पीटीचे सर आणि मी. वाट दाखवायचं काम विषयावरून माझ्याकडे आलं. म्हटलं, आता फोनच्या भरवशावर राहायचं नाही. मोटारसायकलसाठी म्हणून खास बनवलेलं जीपीएसचं यंत्र घ्यायचं. शिमग्याला सुरू झालेली ही निवड दिवाळीपर्यंत चालली. एवढ्या वेळात माणूस तिन्ही ठिकाणी चालत जाऊन येतो.

फोन का नको, याचा अभ्यास मे महिन्यात झाला. पुण्याचा भाचा आयफोन घेऊन आला होता. मी तो त्याच्या परवानगीनं हँडलला लावला आणि औशाकडे निघालो. बाहेर बेचाळीस अंश. कंपनीनं सांगून ठेवलंय की हा फोन शून्य ते पस्तीस अंशांत वापरावा. म्हणजे आमच्याकडे दिवाळी ते संक्रांत. अर्ध्या रस्त्यात पडद्यावर तापमापीचं चित्र आलं आणि फोन गार होईपर्यंत रुसून बसला. मी त्याला लिंबाखाली धरून उपरण्यानं वारा घातला. घरी आलो तर भाच्यानं दुसरी बातमी वाचून ठेवलेली: दणकट इंजिनाच्या मोटारसायकलच्या थरथरीनं फोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असं कंपनीनंच २०२१ साली जाहीर केलं होतं. माझी गाडी जुनी, एका सिलिंडरची. ती उभी असली तरी आरशात माणूस नाचताना दिसतो. भाचा दुसऱ्या दिवशी पुण्याला गेला. एरवी तो आठवडाभर राहतो.

मग खास यंत्रांकडे वळलो. गार्मिनचं झूमो, टॉमटॉमचं रायडर अशी नावं. ऐकून वाटावं की रस्ता दाखवायला नाही, कुस्ती खेळायला आलेत. गुण मात्र खरे. पडदा भर उन्हात दिसतो. हातमोजे घालून दाबला तरी ऐकतो. फोनच्या पडद्याला बोटाची वीज लागते, साध्या हातमोज्यातून ती पोचत नाही. नकाशे आतच साठवलेले असतात, त्यामुळे रेंज नसली तरी अडत नाही. हा गुण मात्र थेट काळजाला भिडला, कारण आमच्याकडे गावाची वेस ओलांडली की रेंज संपते. एक सोय तर अशी की हमरस्ता टाळून मुद्दाम वळणावळणाच्या वाटा शोधून देते. परदेशात लोक यासाठी पैसे मोजतात म्हणे. आमच्याकडे आडवाटेनं न्यायला फुकट माणसं मिळतात.

दुकानदारानं मात्र शेवटी हुकमाचं पान टाकलं.

"सर, वॉटरप्रूफ आहे. आयपीएक्स सेव्हन. एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवा, काही होत नाही."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून दहा टाक्यांची रेल्वे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला आली, तेव्हा स्टेशनवर बघायला गेलेला माणूस मी. त्या उन्हाळ्यात आम्ही भांडी धुतलेल्या पाण्यानं फरशी पुसली आणि फरशी पुसलेलं तुळशीला घातलं. अशा गावात हा मला एक मीटर पाण्याची हमी देत होता. यंत्र बुडवायला एक मीटर पाणी भरायचं कुठं, ते आधी सांग म्हणावं. गंमत म्हणजे त्याच एप्रिलमध्ये आपला सातवा दिशादर्शक उपग्रह सुटला आणि भारताच्या स्वतःच्या प्रणालीला नाव मिळालं 'नाविक'. मी हे दर वर्षी नववीला सांगतो. लातूरची पोरं गालातल्या गालात हसतात.

पीटीचे सर म्हणाले, नवं कशाला, माझ्या मेहुण्याकडे जुनं पडलंय. ते आणलं. त्यातली बाई इंग्रजी बोलायची. औशाला 'ऑसा' म्हणायची आणि परळीला 'पार्ली', म्हणजे बिस्किट मागतेय का रस्ता सांगतेय कळेना. नकाशा इतका जुना की गाडी नव्या चौपदरी रस्त्यावर, आणि पडद्यावरचा माझा बाण शेताशेतातून पळतोय. बाई घाबरून सारखी नवा हिशोब करत होती. उस्मानाबाद आणि औरंगाबाद त्यात होतंच, पण त्याचं मी मनावर घेतलं नाही. २०२३ ला नावं बदलली तरी आमची आईही तसंच म्हणते. किल्लारीच्या बाजूला गेलो तेव्हा मात्र त्या जुन्या नकाशापुढं गप्प झालो. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर तिथली गावंच्या गावं उठून दुसऱ्या जागी वसली. ठिपका एकीकडे, माणसं दुसरीकडे. तिथं रस्ता चुकलो तर मी यंत्राला बोल लावत नाही. यंत्र परत केलं.

नव्याची किंमत घरी सांगितली त्या दिवशी आमटीला फोडणी नव्हती. माझी गाडी विकून येतील त्याहून जास्त पैसे त्या वीतभर डबीला.

"अहो, एवढ्या पैशात वर्षभर तुमच्या मागं एक माणूस बसवला असता," बायको म्हणाली. "तो हवेत बोट करून रस्ता दाखवेल, वर भाजीची पिशवीपण धरेल."

तरी घेतलं. कुठल्या कंपनीचं ते सांगत नाही, कारण पुढं जे झालं त्यात तिचा दोष नव्हता. दोष मिस्त्रीचा. यंत्राला गाडीच्या बॅटरीतून वीज द्यायची होती. त्यानं अर्धा दिवस टाकी खोलून ठेवली, दोनदा चहा मागवला आणि वायर नेऊन हॉर्नच्या वायरीला जोडली. परिणाम असा की हॉर्न वाजवला की यंत्र बंद पडायचं. पुन्हा चालू होऊन उपग्रह धुंडाळून 'तुम्ही इथे आहात' म्हणेपर्यंत दोन मिनिटं जायची. मी तक्रार केली तर म्हणाला, "सर, एका वेळी एकच वापरायचं की." आपल्या रस्त्यांवर हॉर्न हवा की दिशा हवी, असा प्रश्न मला कधी पडेल असं वाटलं नव्हतं. आणि उत्तर हॉर्नच येईल, असंही.

दिवाळीच्या सुट्टीत पहाटे निघालो. त्या वर्षी पाऊस बरा झाला होता. रेणापूर मागं पडेपर्यंत तिघं बरोबर होतो. मग यंत्र म्हणालं, डावीकडे वळा. गणिताचे सर ओरडले, "सरळ!" मी हातानं यंत्राकडे बोट केलं. ते दोघं सरळ गेले, मी डावीकडे वळलो. वळणावळणाच्या वाटांची ती सोय मी रात्री चाचपताना चालू करून ठेवली होती, हे नंतर लक्षात आलं.

डांबर संपलं, खडी संपली, मग गाडीवाट लागली आणि शेवटी दोन्ही बाजूंना ऊस आणि मध्ये काळी माती. ती ओली असली की चाकाला पुरणासारखी चिकटते. गाडी रुतली. यंत्र मात्र ठाम: सरळ चला. पुढं बांध होता. बांधावर डोक्याला पटका बांधलेले एक आजोबा काठी टेकवून माझ्याकडे केव्हाचे बघत उभे होते.

"कुठं निघालाव?"

"परळीला."

"मग हिकडं कशाला आलाव?"

"ह्यानं आणलं."

ते खाली वाकले. पडद्यावर निळा बाण, बाकी पांढरं. "काय हाय हे?"

एकवीस वर्षांची सवय. मी गाडीवरून उतरलो आणि तास घ्यायला लागलो. वीस हजार दोनशे किलोमीटर उंचीवर अमेरिकेचे उपग्रह फिरतात. चारांचा तरी संकेत मिळाला की आपली जागा कळते. मे २००० पर्यंत अमेरिका सामान्य माणसाच्या संकेतात मुद्दाम चूक मिसळायची, मग बंद केलं. आजोबांनी मान डोलावली. त्यांना हे पटल्यासारखं दिसलं. परक्याला रस्ता सांगताना मुद्दाम चूक मिसळायची पद्धत आमच्या पारांवर अजून आहे.

"म्हंजी वरून समदं दिसतंय म्हणा की."

"तसंच समजा," मी म्हणालो. इथं चुकलो. दहावीला कुणी असं लिहिलं असतं तर मी भोपळा दिला असता.

"मग आमची म्हैस बघा बरं. कालच्या सांजंपसून नाही. हुडकूलालो रातीपसून."

आता माघार घेणं आलं. सांगितलं की उपग्रहाला काही दिसत नाही. तो फक्त स्वतःची वेळ आणि जागा वरून सांगत सुटतो. हिशोब हे यंत्र करतं. मी इथं चिखलात उभा आहे, याचाही त्याला पत्ता नाही. म्हशीचा ठाव कळायचा तर यंत्र म्हशीच्या गळ्यात पाहिजे. आणि नुसतं असून भागत नाही, तिनं ते आपल्याला कळवलंही पाहिजे.

आजोबांनी विचार केला. मग पडद्याकडे, माझ्याकडे आणि पुन्हा पडद्याकडे बघितलं.

"मग हे तुमच्यापशी कशाला? तुम्ही तर हितंच हाव."

एकवीस वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं मला इतका अवघड प्रश्न विचारलेला नाही.

गाडी काढायला त्यांनीच हात लावला, आणि मग परवानगी न विचारता मागं बसले. "चला." ह्या बांधानं, त्या ओढ्याच्या अंगानं, बाभळीपाशी खाली. यंत्र जीव तोडून मागं वळा, मागं वळा म्हणत होतं. आजोबा म्हणाले, "काय म्हंतंय ते?" मी म्हणालो, "परत फिरा म्हणतंय." "त्येला काय, त्येची म्हैस थोडीच हाय."

एका उंचवट्यावर आल्यावर म्हणाले, "हारन वाजवा. आमच्या पोराच्या गाडीच्या आवाजाला येती ती."

मी क्षणभर थांबलो. हॉर्न की दिशा? वाजवला. पडदा काळा झाला. आणि खालून, पाझर तलावाच्या बाजूनं, सावकाश एक हंबरणं आलं.

म्हैस तलावाच्या कडेला पाण्यात बसली होती. बाहेर फक्त शिंगं, डोळे आणि नाकपुड्या. पाणी माझ्या अंदाजानं एक मीटर. बसून अर्धा तास तर नक्की झाला होता.

आजोबांनी हाक मारली. ती उठली, काठावर आली आणि सगळं अंग एकदाच झाडलं. पाणी माझ्यावर, गाडीवर, यंत्रावर उडालं. यंत्राला काही झालं नाही. म्हशीलाही नाही.

मग ती घराकडे चालायला लागली. कुणी वळवलं नाही, हाकललं नाही. ती पुढं, आजोबा काठी खांद्यावर टाकून तिच्या मागं, आणि मी पहिल्या गिअरमध्ये त्यांच्या मागं. पडदा उजळून उपग्रह शोधत होता. परळी कुठल्या अंगाला, हे विचारायचं राहून गेलं होतं. म्हटलं, घरी चहा होईल तेव्हा म्हातारीला विचारू.