बिनपंपाचं कारंजं

मंगळवारी आमच्या सोसायटीचा पंप जळाला आणि बुधवारी रात्री नऊ वाजता चिरंजीव म्हणाले, "बाबा, उद्या विज्ञान प्रदर्शन. बिनपंपाचं कारंजं न्यायचंय." घरात पाणी होतं दोन बादल्या. त्यांचा हिशेब बायकोकडे.

कारंजं हेरॉनचं. हे गृहस्थ पहिल्या शतकात अलेक्झांड्रियात राहायचे. नाणं टाकलं की देवळातलं पवित्र पाणी देणारं यंत्र, वाफेवर गरगरणारा गोळा, असले उद्योग त्यांच्या नावावर आहेत. घरात शाळकरी पोर असणार, दुसरं काय!

कृती वाचायला सोपी. वर उघडं वाडगं, मध्ये पाण्यानं भरलेली बंद बाटली, तळाला रिकामी बंद बाटली. वाडग्यातलं पाणी नळीनं थेट तळाच्या बाटलीत उतरतं. तिथली हवा दबते, दुसऱ्या नळीनं मधल्या बाटलीत शिरते आणि तिथल्या पाण्याला तिसऱ्या नळीतून वर उडवते. आमच्या ऑफिसातही असंच चालतं. वरून दाब येतो तळाच्या माणसावर, आणि उसळतो मधला.

सलाईनच्या नळ्या आणल्या, कंपासचं टोक गॅसवर तापवून झाकणांना भोकं पाडली, एम-सील लिंपलं. पहिल्यांदा हवा कुठूनशी निसटली. पंक्चरवाल्यासारखं साबणाचं पाणी लावून भोक शोधावं म्हटलं, तर बायको बादलीसमोर उभी राहिली. दुसऱ्यांदा मधल्या बाटलीत तळापर्यंत बुडवायची नळी मी वरच ठेवली. कारंज्यातून नुसतं फुस्स.

शनिवारवाड्यातल्या हजारी कारंज्यालाही पंप नव्हता, पाणी कात्रजच्या तलावातून उतारानं यायचं. पण पेशव्यांकडे घाट होता, माझ्याकडे टीपॉय.

साडेअकराला वीतभर धार उडाली! मी जवळजवळ नाचलोच.

"पंपाशिवाय वर जातं ना?" बायको म्हणाली, "मग गच्चीवरची टाकी भरा."

"अगं, पाणी वर चढवायचं तर आधी तेवढंच पाणी खाली पडावं लागतं."

"म्हणजे आधी टँकर मागवायचा."

दोन-तीन मिनिटांत धार बसली. मधली बाटली रिकामी, तळाची गच्च. "बाबा, परत!" चिरंजीव ओरडले. तोवर बायकोनं हेरॉनला उचलून बादलीवर उलटा धरला होता.