लाल वर्तुळ दिसलं नाही म्हणजे आकाश मोकळं नसतं

भाचा न्यू जर्सीत विमान उडवायला शिकतोय. परवा त्याने घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला: ‘टॅबलेटच्या नकाशावर लाल वर्तुळ नसेल तर बिनधास्त उडा. नोटॅम (वैमानिकांसाठीच्या अधिकृत सूचना) वाचणं हे जुन्या लोकांचं काम. चुकून आत शिरलातच तर कंट्रोलर सांगतो, आणि पहिल्या चुकीला कोणी काही करत नाही.’ खाली त्याचा अंगठा. मी त्याच आकाशात सेस्ना १७२ हे छोटं विमान उडवतो. तो अंगठा पाहून माझं डोकंच फिरलं.

अध्यक्ष ट्रम्प न्यू जर्सीतल्या बेडमिन्स्टरला त्यांच्या गोल्फ क्लबवर आले की तिथे टीएफआर, म्हणजे तात्पुरती हवाईबंदी, लागते. साधारण ३० नॉटिकल मैल त्रिज्येचं बाहेरचं कडं, १० मैलांचं आतलं, उंची जवळजवळ १८,००० फुटांपर्यंत. वेळा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे उन्हाळ्यात तिथल्या घड्याळाच्या ४ तास पुढे, आणि त्या आयत्या वेळी बदलतात. घरच्या वाय-फायवर उतरवलेली माहिती त्या क्षणापुरतीच खरी. हवेत ती एडीएस-बी या रेडिओ यंत्रणेच्या जमिनीवरच्या टॉवरकडून येते. विमान खाली असलं, टॉवर डोंगराआड गेला, की येत नाही. नकाशा मात्र जुनंच चित्र दाखवत राहतो. एफएए, म्हणजे अमेरिकेचं विमान वाहतूक खातं, त्याच्या स्वतःच्या टीएफआर संकेतस्थळावर वर्षानुवर्षं इशारा आहे: ही यादी पूर्ण असेलच असं नाही, उड्डाणाच्या आखणीसाठी ती वापरू नका, ताजी माहिती फ्लाइट सर्व्हिसला, म्हणजे वैमानिकांना माहिती देणाऱ्या सेवेला, फोन करून घ्या. बंदी घालणारं खातंच असं सांगत असताना टॅबलेटवर कसला भरवसा ठेवायचा?

कंट्रोलर सांगेल, हे तर सगळ्यात घातक. ट्रान्सपॉन्डरवर (रडारला विमानाचा संकेत देणाऱ्या यंत्रावर) १२०० हा सगळ्यांसाठीचा सामायिक कोड लावून कुणाशीही न बोलता उडत असाल, तर त्याला फक्त एक ठिपका दिसतो. तुम्ही कोणती फ्रिक्वेन्सी ऐकताय हे त्याला कसं कळणार? ५ जुलै २०२५ ला बेडमिन्स्टरच्या बंदीत शिरलेल्या एका छोट्या विमानाच्या पुढ्यातून नॉरॅडचं (अमेरिका-कॅनडाच्या संयुक्त हवाई संरक्षण दलाचं) लढाऊ विमान गेलं, तेव्हा कुठे वैमानिकाचं लक्ष गेलं. त्या एका दिवसातली ती पाचवी घुसखोरी होती.

पहिली चूक माफ? ११ मे २००५ ला पेनसिल्व्हेनियाहून निघालेलं सेस्ना १५० भरकटत वॉशिंग्टनच्या बंद हद्दीत घुसलं. कॅपिटल आणि व्हाइट हाउस रिकामं करावं लागलं, आणि एफएएने मुख्य वैमानिकाचा परवाना तातडीने रद्द केला.

एक मात्र कबूल करतो. जीपीएसमुळे वाट चुकणं खूप कमी झालंय. २००५ ची ती चूक टॅबलेट असता तर कदाचित टळली असती, आणि मीही त्याच्याशिवाय निघत नाही. पण आपण कुठे आहोत एवढंच जीपीएसला कळतं. आज दुपारी बंदी कुठे लागली, हे त्याला कुणीतरी कळवावं लागतं.

बाळा, शनिवारी तुझं सॉमरसेट विमानतळावरून सोलो, म्हणजे एकट्याचं उड्डाण, आहे आणि तो विमानतळ बेडमिन्स्टरलाच आहे. निघण्याआधी फ्लाइट सर्व्हिसकडून ब्रीफिंग घे, टीएफआरच्या वेळा स्थानिक वेळेत कागदावर लिही, हवेत १२१.५ ही आणीबाणीची फ्रिक्वेन्सी ऐकत राहा. आणि तो फॉरवर्ड आत्ताच्या आत्ता ग्रुपवरून काढून टाक.