कासवाचा बोभाटा, कोळ्याचं गुपित

फेब्रुवारी-मार्च आला की फेसबुकवर कोकणातल्या वेळासची कासवाची पिल्लं फिरायला लागतात. टोपली उचलली जाते, वाळूने माखलेली काळी इवलीशी पिल्लं पाण्याकडे निघतात आणि दोरीच्या अलीकडे मोबाइल उंचावून गर्दी उभी. त्याखाली हमखास एक कमेंट असते: "कासवांचं एवढं कौतुक, मग आठ पायांच्या कोळ्यांनी काय घोडं मारलंय?"

प्रश्न रास्त आहे. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या धोक्यातल्या जीवांच्या यादीत वेळासचं ऑलिव्ह रिडले कासव 'असुरक्षित' आहे, तर आंध्रातला गुटीचा निळा कोळी 'अतिसंकटग्रस्त'. म्हणजे कासवापेक्षा दोन पायऱ्या पुढे. पण म्हणून वेळासच्या कासव महोत्सवासारखा कोळ्याचाही महोत्सव भरवा, हे मला पटत नाही. सौंदर्याबिंदर्याचा प्रश्न नाही हो, दिसायला तो कासवापेक्षा देखणाच आहे. धातूसारखा चकाकता निळा! तोही रंगद्रव्याचा नाही, अंगावरच्या केसांच्या सूक्ष्म रचनेतून उमटणारा.

हा कोळी पहिल्यांदा मिळाला तो गुटी स्टेशनच्या रेल्वेच्या लाकूड वखारीत. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ पोकॉकने १८९९ साली त्याचं वर्णन छापलं आणि पुढे शंभर वर्षं त्याचा पत्ताच नाही. २००१ मध्ये सापडला तो तिथून बराच लांब, नंद्याळ आणि गिद्दलूरच्या मधल्या जंगलात. बहुधा लाकडांबरोबर आगगाडीनेच गुटीला आला असावा. त्याचा ज्ञात मुलूख १०० चौरस किलोमीटरहूनही कमी. राहतो जुन्या झाडांच्या ढोलीत, आणि सरपणासाठी, लाकडासाठी झाडं तुटतात तीही तिथलीच.

वेळासला प्रसिद्धीचा फायदा झाला, कारण तिथलं संकट किनाऱ्यावर उघड्यावर होतं. अंडी माणसं न्यायची, कुत्री-कोल्ही उकरायची. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन अंडी कुंपणाच्या आत हलवायला सुरुवात केली. पुढे पर्यटक आले, घरोघरी राहण्या-जेवणाची सोय झाली, गावाला चार पैसे मिळायला लागले. शंभरेक अंड्यांचं घरटं राखणं आता गावाच्याच फायद्याचं झालं. (समुद्रात ट्रॉलरच्या जाळ्यात गुदमरणाऱ्या मोठ्या कासवांचं काय, हे मात्र महोत्सवात फारसं कुणी विचारत नाही.)

कोळ्याचं उलटं. जगभरचे हौशी लोक त्याला काचेच्या पेटीत पाळतात. आता परदेशात त्याची पैदास होते, तरी त्याच्या जवळच्या भाऊबंदांचा अख्खा गट २०१९ साली साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात घालावा लागला. एवढ्याशा जंगलात नेमकी ढोली कुठली, हे व्हायरल झालं तर पहिला पोचेल तो पर्यटक नसेल, कोळी पकडून न्यायला डबा घेऊन आलेला माणूस असेल.

त्याच्यासाठी काय करायचं? वाळकी, पोकळ झाडं 'निरुपयोगी' म्हणून तोडू नयेत. आसपासच्या गावांना सरपणाला पर्याय मिळावा. याच गटातले कोळी आपल्या सह्याद्रीतही आहेत, तेव्हा रात्री टॉर्च घेऊन हिंडणाऱ्या फोटोग्राफर मित्रांनो, फोटो जरूर टाका. लोकेशन तेवढं टाकू नका.