गुठळी कसली होती?

‘नळीतली गुठळी उपकरणाने पहिल्याच प्रयत्नात बाहेर काढली, म्हणजे निम्मी लढाई जिंकली’ हे वाक्य खटकलं. मेंदूच्या धमनीत अडकलेली रक्ताची गुठळी काढणाऱ्या उपकरणाच्या, कृत्रिम धमनीत केलेल्या चाचणीवरच्या लेखातलं ते वाक्य. गुठळी कसली होती, हे लेखात कुठेच नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. तांबड्या पेशी जास्त असलेली गुठळी मऊ असते. स्टेंट रिट्रीव्हरची (गुठळी पकडून ओढून काढणाऱ्या उपकरणाची) जाळी तिच्यात सहज रुतते, पण ओढताना तिचे तुकडे पडतात. फायब्रिन (रक्त गोठताना तयार होणारं धाग्यासारखं प्रथिन) जास्त असलेली पांढुरकी गुठळी मात्र रबरासारखी चिवट! जाळी तिच्यात नीट शिरत नाही, कडेने घसरते. सक्शन लावून ओढायला गेलं तर कॅथेटरच्या, म्हणजे धमनीत सरकवायच्या बारीक नळीच्या, तोंडाशीच अडकून बसते. दोन्ही प्रकारांवर चाचणी नसेल तर त्या ‘पहिल्या प्रयत्ना’ला फारसा अर्थ नाही.

मी अशा चाचण्यांवर काम केलंय. चाचणीसाठी केलेली सिलिकॉनची धमनी कॅथेटरला इतकी धरून ठेवते की तिच्यातून फिरणाऱ्या पाण्यात घर्षण कमी करणारं काहीतरी मिसळावंच लागतं. ते जरा जास्त पडलं की कुठलंही उपकरण हुशार दिसतं. पाणीही ३७ अंशांवर हवं, कारण नायटिनॉल या निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूच्या जाळीचा जोर तापमानाप्रमाणे बदलतो. आणि गुठळी निघाली एवढंच मोजून कसं चालेल? पुढे वाहून गेलेले तुकडे गाळणीत किती सापडले, तेही सांगा. मेंदूतली बारीक वाहिनी बंद करायला असा एखादा तुकडाही पुरतो. शिवाय ती नळी सरळ होती, की मानेतल्या कॅरोटिड धमनीसारखी वळणावळणाची?